१८ मीटरच्या रस्त्यात फूटपाथ आणि सायकल दोन्ही बसतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात कर्वेनगरला तुमच्या सोसायट्यांसमोरचा १८ मीटरचा रस्ता आता काँक्रीटचा होणार आहे. मुलगा आठवीत आहे, शाळा दोन किलोमीटरवर आहे, त्याला सायकलने जायचंय आणि त्याला पाठवायला तुमचा धीर होत नाही. चार सोसायट्यांनी मिळून सायकल ट्रॅकची मागणी केली, तर "रस्त्याला तेवढी जागाच नाही" असं उत्तर मिळालं. पार्किंग जाणार या धास्तीने दुकानदार आधीच विरोधात उभे राहिलेत. अशा वेळी नेमकं काय मागायचं आणि कुणाकडे, हे तुम्ही विचारलंय.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. रस्त्यांचे आराखडे करायचे आणि ते जागेवर उतरताना बघायचे, हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय. उत्तर लांबणार आहे, पण तुमच्या रस्त्याचं काम अजून सुरू झालेलं नाही, म्हणून सगळं सविस्तर सांगतो. काँक्रीट एकदा पडलं की पुढची पंधरा-वीस वर्षं त्या रस्त्याच्या रचनेला कुणी हात लावत नाही. जे काही मिळवायचं ते आत्ताच.

सुरुवातीला "सायकल ट्रॅक हवा" ही मागणी थोडी बाजूला ठेवा. तुम्हाला ट्रॅक नकोय, मुलगा शाळेत सुखरूप पोहोचायला हवाय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पुण्याने हे जवळून पाहिलंय. २००६ च्या अखेरीस स्वारगेट ते कात्रज बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. त्या काळात बऱ्याच रस्त्यांना सायकल ट्रॅक जोडले गेले. ते आजही कुठे कुठे दिसतात : दोनशे मीटर ट्रॅक, मग महावितरणचा डीपी, म्हणजे विजेची पेटी, मग बसथांबा, मग एखादं झाड, आणि चौक आला की ट्रॅक गायब. सायकलवाल्याला मोठा धोका चौकात असतो, आणि नेमका तिथेच त्याला वाऱ्यावर सोडलेला. लोक ट्रॅक वापरत नाहीत अशी तक्रार मग होते. वापरतील कसे? दोन किलोमीटरच्या वाटेत एक जागा जरी जिवावर बेतणारी असली, तरी आई-वडील मुलाला पाठवत नाहीत. तुम्हीही पाठवत नाही आहात, आणि तुमचं बरोबर आहे.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं उदाहरण आमच्या कामात नेहमी निघतं. तिथे २००६ नंतर थोड्याच वर्षांत एकमेकांना जोडलेल्या मार्गांचं जाळं उभं केलं, आणि जिथे सायकल जवळपास दिसत नव्हती तिथे ती रोजच्या वापरात आली. तिथलं काम फार देखणं होतं असं नाही. मार्ग सलग होता, हे महत्त्वाचं. म्हणून माझा पहिला आग्रह हा की तुमच्या पत्रात "या रस्त्यावर ट्रॅक करा" असं लिहू नका. "अमुक सोसायटीपासून तमुक शाळेपर्यंत सलग, सुरक्षित पायी आणि सायकल मार्ग करा" असं लिहा. त्या मार्गावरचा प्रत्येक चौक, प्रत्येक वळण त्यात आपोआप येतं.

आता "जागा नाही" या उत्तराकडे येऊ. माझ्या अनुभवात या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा "पार्किंगला हात लावायचा नाही" असा असतो. ते खरं की खोटं हे वाद घालून कळत नाही, टेप लावून कळतं. रविवारी पहाटे दोघं-तिघं तीस मीटरचा टेप घेऊन जा आणि पाच ठिकाणी एका कंपाउंडच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत माप घ्या. विकास आराखड्यात रस्ता १८ मीटरचा असतो, जागेवर कुठे साडेसोळा भरतो, कुठे सतरा. काही ठिकाणी रस्तारुंदीची जागा ताब्यातच आलेली नसते. जिथे रस्ता सगळ्यात अरुंद आहे तिथलं माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण आराखडा तिथे बसला तर सगळीकडे बसतो.

समजा १८ मीटर पूर्ण मिळाले. गाड्यांची एक लेन शहरात तीन ते सव्वातीन मीटरची पुरते. पीएमपीची बस अडीच-पावणेतीन मीटरच्या आत बसते. म्हणजे येणारी-जाणारी मिळून साडेसहा मीटर झाले. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरचा फूटपाथ धरा. त्यात दोन मीटर निव्वळ चालायला आणि एक मीटरची पट्टी झाडं, खांब, डीपी, चेंबर यांना. हे सहा मीटर. एकूण साडेबारा झाले, उरले साडेपाच. या साडेपाच मीटरचं काय करायचं, एवढाच खरा प्रश्न आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचे सायकल ट्रॅक आणि गाड्यांपासून अर्धा-अर्धा मीटरचं अंतर ठेवलं तर पाच मीटर जातात. रस्त्यावर पार्किंग अजिबात उरत नाही. दोन्ही बाजूंना कारचं समांतर पार्किंग ठेवलं तर चार मीटर जातात. ट्रॅक उरत नाही. तिसरा पर्याय म्हणजे पार्किंग एकाच बाजूला दोन मीटर, बाकीची जागा फूटपाथला, आणि सायकल गाड्यांबरोबर त्याच लेनमध्ये, पण गाड्यांचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर जाणारच नाही अशा रचनेत.

तुमच्या रस्त्याला यातलं काय योग्य, ते रहदारीवर ठरतं. त्या रस्त्यावरून सतत बस, टँकर, डंपर जात असतील, किंवा तो दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा शॉर्टकट झाला असेल, तर ट्रॅक वेगळाच हवा. आठवीतल्या मुलाला डंपरशेजारी ठेवता येणार नाही. पण वर्णनावरून तो मुख्यतः वस्तीतला रस्ता वाटतो : दुचाक्या, रिक्षा, सोसायट्यांच्या कार, अधूनमधून बस. तसं असेल तर मी तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. १८ मीटरमध्ये कोंबलेला ट्रॅक महिन्याभरात दुचाक्यांचं पार्किंग होतो. वेग कमी झालेला रस्ता मात्र मुलांना, म्हाताऱ्यांना, सायकलला, सगळ्यांनाच उपयोगी पडतो.

वेगावर मी एवढा जोर का देतो, ते आकड्यांत बघा. ताशी ५० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. समोर मूल आलं हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरा; तेवढ्यात १४ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी साधारण तेवढेच. म्हणजे २८ मीटर. ताशी ३० ला हेच अंतर एकूण १३-१४ मीटरवर येतं. म्हणजे मूल १५ मीटरवर असेल तर ३० वाला त्याच्या अलीकडे थांबतो, आणि ५० वाल्याचा वेग तिथे पोहोचेपर्यंत कमीच झालेला नसतो. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांच्या आसपास वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि काँक्रीटचा नवा, गुळगुळीत, पंधरा मीटर मोकळा रस्ता म्हणजे वेगाला आमंत्रण. "३०" चा बोर्ड लावून वेग कमी होत नाही. लेन अरुंद झाली, दर ऐंशी-शंभर मीटरवर उंचावलेलं क्रॉसिंग आलं, कोपरे आखूड झाले, की चालकाचा पाय आपोआप सुटतो.

फूटपाथबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो आणि सगळ्यात सोपी सुधारणाही इथेच होते. तुमच्या रस्त्यावरून एखाद्या आजींच्या मागे शंभर पावलं चालून बघा. सोसायटीचं गेट आलं की फूटपाथ संपतो, उतरायचं, पलीकडे पुन्हा चढायचं. दर वीस-पंचवीस मीटरला एक गेट. दुसऱ्या गेटनंतर आजी फूटपाथ सोडतात आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागतात. फूटपाथ आहे, पेव्हर ब्लॉक नवे आहेत, पण माणूस खालीच. यावर उपाय असा की गेटसमोर फूटपाथ त्याच पातळीत पुढे न्यायचा आणि चढ-उताराचं काम गाडीला द्यायचं. कडेच्या त्या एक मीटरच्या पट्टीत छोटा रॅम्प करायचा, त्यावरून गाडी चढून फूटपाथ ओलांडून आत जाते. चालणाऱ्याला गेट कळतही नाही, आणि आत-बाहेर करणाऱ्या गाडीला थांबून बघावं लागतं. यात जास्तीचा खर्च नगण्य आहे. तेवढं ड्रॉइंगमध्ये असावं लागतं आणि कामावरच्या सुपरवायझरला समजावून सांगावं लागतं.

फूटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, असं आयआरसी १०३ सांगतं. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांसाठीची ही नियमावली. निवासी भागात किमान १.८ मीटर अडथळ्याविना रुंदी हवी, हेही त्यातच आहे. "अडथळ्याविना" हा शब्द पत्रात अधोरेखित करा. तीन मीटरच्या फूटपाथच्या मधोमध खांब आला की तो दीड मीटरचा होतो. उंची जास्त ठेवली तर गाड्या चढत नाहीत, असं एखादा अधिकारी तुम्हाला सांगेल. चढत नाहीत हे खरं, पण मग आजीही चढत नाहीत.

फूटपाथवर दुचाक्या येऊ नयेत म्हणून खांब, म्हणजे बोलार्ड, लावायची मागणी हमखास होते. इथे एक अडचण आहे आणि ती मी कुणापासून लपवत नाही. व्हीलचेअरला जायला ९० सेंटिमीटर मोकळे लागतात आणि स्कूटरचं हँडल ७० च्या आसपास असतं. व्हीलचेअर जाईल तिथून स्कूटर जाणारच. बोलार्ड कार अडवतो, दुचाकी अडवत नाही. दुचाकी थांबते ती दोन गोष्टींनी : फूटपाथवर लोक सतत चालत असतील तर, आणि रस्त्यात कोंडी कमी असेल तर. म्हणून बोलार्ड कोपऱ्यांवर आणि गेटच्या दोन्ही बाजूंना लावा, सगळीकडे नकोत, आणि दोन बोलार्डमध्ये ९० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवू देऊ नका.

भाजीची गाडी, इस्त्रीवाला, चहाची टपरी हे फूटपाथचे शत्रू आहेत असं मला वाटत नाही. ती माणसं तिथे असतात म्हणून रात्री नऊला मुली त्या रस्त्याने निर्धास्त चालतात. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांना संरक्षणही आहे. झाडांच्या पट्टीत, क्रॉसिंगपासून थोडं दूर, त्यांना मोजून जागा आखून द्या. आराखड्यात जागा ठेवली नाही की ते चालायच्या दोन मीटरमध्येच बसणार. झाडांभोवती किमान एक-एक मीटरचं आळं मातीचं ठेवायला सांगा. बुंध्यापर्यंत काँक्रीट भरलं की काही वर्षांत झाड वठतं, आणि एप्रिलमध्ये सावली नसलेल्या फूटपाथवरून दुपारी कुणी चालत नाही.

आता एक बारीक गोष्ट, जी काँक्रीटच्या रस्त्यावर सायकलवाल्याला सगळ्यात जास्त पाडते. पुण्यातल्या बऱ्याच रस्त्यांवर मधे काँक्रीट आणि कडेला मीटरभर पेव्हर ब्लॉकची पट्टी असते. या दोन्हींच्या मधे, रस्त्याच्या लांबीने, एक सांधा असतो. पहिल्या पावसात पेव्हर खाली दबतात आणि तिथे दोन-तीन सेंटिमीटरची लांबलचक पायरी तयार होते. सायकलचं चाक तिला समांतर असतं. मागून हॉर्न वाजला म्हणून मूल डावीकडे सरकतं, चाक त्या फटीत अडकतं आणि ते रस्त्यावर आडवं पडतं, बहुतेकदा उजवीकडे, गाड्यांच्या बाजूला. म्हणून काँक्रीट फूटपाथच्या कडेपर्यंत सलग ओता, कडेला पेव्हरची पट्टी नको, असं स्पष्ट लिहून मागा. पट्टी ठेवायचीच असेल तर ती पार्किंगच्या खाली असावी, जिथून सायकल जात नाही. पावसाळी गटारांच्या जाळ्यांच्या फटी रस्त्याला आडव्या असाव्यात, उभ्या नकोत. उभ्या फटीत सायकलचं पातळ चाक सरळ आत जातं. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं काँक्रीटच्या पातळीत आणि चाकाच्या रेषेत येणार नाहीत अशी बघा. या तीन गोष्टींना जवळपास वेगळा पैसा लागत नाही, आणि कुणी सांगितलं नाही तर त्या होतही नाहीत.

चौकाचं मात्र वेगळं आहे. तुम्ही लिहिलंय की शाळेच्या अलीकडे एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो. तुमची खरी भीती तिथेच आहे असं मी धरून चालतो. तिथे पादचारी पूल करू असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. खालून वाहनं जायला साडेपाच मीटरची उंची सोडावी लागते, वर स्लॅबची जाडी, म्हणजे सहा मीटर चढायचं. पंधरा सेंटिमीटरच्या चाळीस पायऱ्या वर आणि चाळीस खाली, दप्तर आणि सायकलसह. मुलं खालूनच पळत जाणार, आणि आता पूल आहे म्हणून सिग्नलवर त्यांच्यासाठी वेळही ठेवला जाणार नाही.

त्या चौकात चार गोष्टी बघा. पहिली, कोपऱ्याची गोलाई. तिची त्रिज्या दहा-बारा मीटरची असेल तर डावीकडे वळणारी दुचाकी वेग कमीच करत नाही. चार-पाच मीटरवर आणली की तिला ब्रेक मारावाच लागतो, आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं. बस वळत असेल तर एवढं आखूड करता येणार नाही, म्हणून तिथे बसचा मार्ग आधी तपासायचा. दुसरी, डावीकडचं मुक्त वळण. 'फ्री लेफ्ट' असेल तर पादचाऱ्याला कधीच हिरवा दिवा नसतो, कारण ती बाजू कायम चालू. ते सिग्नलखाली आणायची मागणी वाहतूक शाखेकडे करा. तिसरी, मधलं बेट. दुभाजकापाशी थांबायला किमान दोन मीटर रुंद जागा हवी. सायकल पावणेदोन ते १.९ मीटर लांब असते, बेट एक मीटरचं असलं की तिचं मागचं चाक लेनमध्ये राहतं. चौथी, सिग्नलचे सेकंद. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून हिशेब करतात. आजी-आजोबा आणि लहान मुलं ०.९ धरा. १८ मीटर ओलांडायला मग पंधराऐवजी वीस सेकंद लागतात. घड्याळ घेऊन उभे राहा आणि आता किती मिळतात ते लिहून घ्या. बदलायला खोदकाम लागत नाही, कंट्रोलरमध्ये आकडा बदलावा लागतो.

इथवरचं पत्रात चार ओळींत येईल : गेटसमोर न तुटणारा फूटपाथ, ३० चा वेग ठेवणारी रचना आणि उंचावलेली क्रॉसिंग, कडेपर्यंत सलग काँक्रीट, आणि चौकात लहान कोपरे, दोन मीटरचं बेट, पुरेसे सेकंद. सायकल ट्रॅक हा शब्द मोठ्या रस्त्यासाठी राखून ठेवा. तिथे तो लागणारच.

दुकानदारांचा विरोध मी कधीच हलक्यात घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. त्यांचं पोट त्या रस्त्यावर आहे. पण त्यांच्याशी भांडण्याआधी एक शनिवार मोजणी करा. दुकानांसमोरच्या गाड्यांच्या नंबरचे शेवटचे चार आकडे दर अर्ध्या तासाला वहीत लिहायचे, सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत, दोघांनी आळीपाळीने. संध्याकाळी वहीत काय दिसतं ते त्यांच्यासमोरच उघडा. मी असं केलं तिथे हमखास दिसलं की पुढच्या जागा दिवसभर त्याच गाड्यांनी अडवलेल्या असतात : दुकानाच्या मालकाची कार, कामगारांच्या दुचाक्या, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसची माणसं. गिऱ्हाईक बिचारं पलीकडे दुहेरी पार्किंग करतं. हे दुकानदाराने स्वतः पाहिलं की बोलणं बदलतं. मग विषय पार्किंग काढण्याचा उरत नाही, पार्किंग गिऱ्हाइकाला मिळण्याचा होतो. एका कारच्या जागेत पाच दुचाक्या राहतात, म्हणजे पाच गिऱ्हाइकं. दुकानांच्या बाजूला दुचाक्यांचे खिसे, समोरच्या बाजूला कार, असं आखता येतं. पी-१, पी-२ ची सम-विषम तारखांची पद्धत अशा रस्त्यावर मला पटत नाही. रोज बाजू बदलते, त्यामुळे कडेची दोन्हीकडची जागा कायम अडकून राहते आणि फूटपाथ वाढवता येत नाही. पार्किंगची बाजू एकदाच ठरवून वाहतूक पोलिसांकडून तशी अधिसूचना काढून घ्या.

दुकानदारांना बरोबर घेऊन एक चक्कर जंगली महाराज रस्त्यावर मारा. तिथला फूटपाथ रुंद केल्यावर बाकं आली, मुलांना खेळायला जागा आली, पार्किंग आखून दिलं गेलं. तिथे टेप लावून बघा, दुकानदारांशी बोला, काय बिघडलंय तेही बघा. लक्ष्मी रस्त्यावर महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन केला होता. ऐन बाजारपेठेचा रस्ता गाड्यांना बंद ठेवून लोकांसाठी मोकळा केला, आणि नंतरही तो उपक्रम झाला. पुण्यात हे चालत नाही असं म्हणणाऱ्यांना ही उदाहरणं द्या.

कुणाकडे जायचं? मोठे रस्ते महापालिकेच्या पथ विभागाकडे असतात आणि गल्लीबोळ क्षेत्रीय कार्यालयाकडे. तुमचा रस्ता कुणाच्या यादीत आहे ते आधी विचारा. मग त्या रस्त्याचा प्लॅन आणि छेद, म्हणजे क्रॉस सेक्शन, बघायला मागा. तोंडी मिळाला तर उत्तम, नाहीतर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. ड्रॉइंग न बघता दिलेलं निवेदन फाइलला लागतं आणि तिथेच राहतं; ड्रॉइंगवर लाल पेनाने खुणा करून दिलेलं निवेदन इंजिनिअरला वाचावं लागतं. त्याबरोबर महापालिकेचेच कागद जोडा : २०१६ चं पादचारी धोरण, त्याच सुमाराच्या रस्ते-आरेखनाच्या मार्गदर्शक सूचना, ज्यात वेगवेगळ्या रुंदीच्या रस्त्यांचे नमुना छेद आहेत, आणि २०१७ ला मंजूर झालेला सायकल आराखडा. तुम्ही नवं काही मागत नाही आहात, महापालिकेने स्वतः मंजूर केलेलं मागताय, हे त्यातून दिसतं. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये पादचाऱ्यांचा फूटपाथवरचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो असं सांगितलंय. पण पत्राची सुरुवात न्यायालयापासून करू नका. कनिष्ठ अभियंता धास्तावला की तो फक्त वरून लेखी आदेश येण्याची वाट बघतो. शाळेच्या मुख्याध्यापकांचं आणि पालक-शिक्षक संघाचं पत्र सोबत असेल तर मात्र त्याचा हात मोकळा होतो. मुलांसाठी काम केलं, असं त्यालाही सांगता येतं.

बाकं, एखादं क्रॉसिंग, दिवे अशा छोट्या कामांसाठी नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकाचा अर्ज भरा. पुण्यात ही सोय २००६ पासून आहे. आख्खा रस्ता त्यातून होणार नाही, पण जोडमार्गातली एखादी गल्ली होईल.

काम सुरू होण्याआधी एक गोष्ट आवर्जून मागा : चाचणी. चौकाचा कोपरा आखूड केला तर कोंडी होईल का, या प्रश्नावर बैठकीत तासभर बोलून काही निष्पन्न होत नाही. रंग आणि बॅरिकेड लावून दोन आठवडे वाहतूक शाखेच्या परवानगीने तसं करून बघा. बस वळत नसेल तर कोपरा हलवा. काँक्रीट ओतल्यावर हलवता येत नाही.

आणि जमिनीखालचं विसरू नका. पाण्याची लाइन, ड्रेनेज, महावितरणची केबल, गॅस, फायबर, हे सगळं काँक्रीटच्या आधी झालं आहे का ते लेखी विचारा आणि फूटपाथखाली व दर चौकात रिकामे पाइप टाकून ठेवायला सांगा. नाहीतर वर्षभरात कुणीतरी फूटपाथ खोदेल आणि वर माती लोटून जाईल. रस्ता ताब्यात आल्यावर काही काळ दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराची असते; ती मुदत किती ते वर्क ऑर्डरमध्ये बघा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर दबलेले पेव्हर, वर आलेली झाकणं यांचे फोटो त्याच मुदतीत पाठवा.

मुलाचं आत्ता काय? रस्ता व्हायला वर्ष जाईल. तोवर त्याच्याबरोबर आतल्या गल्ल्यांनी जाणारी वाट शोधा, थोडी लांब पडली तरी चालेल. तीच वाट असलेली आठ-दहा मुलं सोसायट्यांत सापडतील. सकाळी एक पालक पुढे, एक मागे, मधे मुलं, असं ठरलेल्या वेळेला निघा. मोठ्या रस्त्यावर सगळ्यांनी सायकलवरून उतरून चालत ओलांडायचं. घोळका चालकांना लांबून दिसतो. शिवाय रोज दहा मुलं त्या चौकात उभी दिसली की सिग्नलच्या सेकंदांची मागणी कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

रविवारी माप घेतलंत की पाचही ठिकाणच्या रुंद्या, चौकाचे चारही बाजूंनी फोटो, आणि सकाळी शाळेच्या वेळेत तासाला किती बस-टँकर जातात एवढं इथेच लिहा. चौकाबद्दल आकड्यांशिवाय याहून जास्त सांगणं बरोबर होणार नाही. ते आले की बेट कुठे बसतं आणि कोपरा किती घ्यायचा ते बघू.